पहिल्या गाडीची माणसं

आमचा आजा भाईंदरच्या मिठागरावर राबणारा. अक्षरओळख जेमतेम, पण बालगंधर्वांविषयी असं बोलायचा की जणू त्यांच्या तालमीलाच हजर असे. नाटक बघायला गिरगावात जायचा. विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली 1928 साली आणि विरारपर्यंत 1936 साली, म्हणजे आजाची ऐन उमेदीतली नाटकं कोळशाच्या इंजिनामागे बसूनच झाली. चर्नी रोडला उतरायचं, वन्समोअर घेत घेत नाटक पहाटेवर जायचं, आणि मग “पयली गारी पकरायची न सरल कामाला.”

तिथलं ऑपेरा हाउस पंचम जॉर्ज बादशहानं बालगंधर्वांसाठीच बांधून दिलं, असं तो शपथेवर सांगे. खरा प्रकार निराळा. कलकत्त्यात बस्तान असलेला नाटक कंपनीवाला मॉरिस बँडमन आणि कोळशाचे पारशी व्यापारी जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभं केलं. 1911 मध्ये बादशहा मुंबईत आला तेव्हा इमारत अर्धवटच होती, तरी उद्घाटन उरकून घेतलं. बँडमनच्या कंपन्या लंडनची हलकीफुलकी संगीत नाटकं बोटीनं इकडे आणत. ती साहेबांच्या करमणुकीची. पण पुढं त्याच रंगमंचावर बालगंधर्व गायले, दीनानाथ गायले. आजाच्या गप्पेत एवढं तरी खरं होतं.

त्याच वर्षी, 12 मार्च 1911 रोजी, ‘मानापमान’ पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. त्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली होती, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. हे सांगताना आजा दर वेळी तंबाखू मळायचा थांबे. पुढच्या वर्षी 11 मार्चला लंडनच्या कोलिझियममध्ये इंग्रज संगीतकार एल्गारचं ‘द क्राउन ऑफ इंडिया’ झालं. दिल्ली दरबाराच्या निमित्तानं रचलेलं. त्यात राजधानीच्या मानासाठी दिल्ली आणि कलकत्ता भांडतात. मानापमानच की! पण कौतुक सगळं बादशहाचं, म्हणून मला ते पोकळ वाटतं.

त्यापेक्षा दुसरा इंग्रज संगीतकार, गुस्टाव होल्स्ट, मोठा. हा संस्कृत शिकला, ऋग्वेदाच्या ऋचांना चाली लावल्या आणि ‘सावित्री’ नावाचा ऑपेरा स्वतःच लिहिला. 5 डिसेंबर 1916 रोजी लंडनमध्ये तो पहिल्यांदा झाला. जेमतेम अर्ध्या तासाचा. गाणारी पात्रं तीन: सावित्री, सत्यवान आणि यम. वादक डझनभर, मागे शब्दांवाचून गाणाऱ्या बायका. सुरुवातीला कुठलंही वाद्य नाही, नुसता यमाचा आवाज. त्याची सावित्री शंभर पुत्र मागत नाही. भरभरून आयुष्य मागते, आणि नवऱ्यावाचून ते कसलं आयुष्य, म्हणून यमालाच पेचात पकडते. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग वडाला सूत कोन गुंडालतं?” होल्स्टकडे याचं उत्तर नव्हतं.

सावित्री इकडून तिकडे गेली; तिकडून इकडे आलं ते वाद्य. पायानं भाता हलवायचा ऑर्गन मराठी नाटकवाल्यांनी असा आपलासा केला की गंधर्वांचं गाणं त्याच्याशिवाय आठवत नाही. आमच्या पलीकडे राहणारे ईस्ट इंडियन काका मात्र यावर हसत. उत्तनच्या चर्चमध्ये ते व्हायोलिन वाजवत, नोटेशन वाचून. “तुमचा ऑर्गनवाला गाण्यामागनं धावतो, आमचा कागदामागनं,” असं त्यांचं म्हणणं. आजाला ते पटत नसे. दोघांचा वाद ख्रिसमसच्या करंज्या संपेपर्यंत चाले. जिंकलं कोण, हे घरात आजही ज्याच्या त्याच्या आजोबावर ठरतं.

1993 मध्ये ऑपेरा हाउस बंद पडलं, 2016 मध्ये पुन्हा उघडलं. त्या रात्री गायला होती मुंबईत जन्मलेली, लंडनमध्ये नाव काढलेली सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो. काका असते तर त्यांनी आजाला खिजवलं असतं: बघ, उद्घाटनाला आमची पोरगी.