नरिमन पॉइंटचे मनोरे आणि आपलं वऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाशीमच्या माणसाने समुद्रकाठच्या मनोऱ्यांवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. आपल्याकडे समुद्र नाही. आता कुठे चार-सहा मजली इमारती दिसू लागल्या आहेत. पण शाळेत अनेक वर्षं इतिहास शिकवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मुंबईत समुद्र हटवून जमीन केली, तिच्यावर मनोरे उभे राहिले आणि त्यावरून वेळोवेळी मोठं रण माजलं. त्या कहाणीत आपलं वऱ्हाड पहिल्यापासून आहे. कधी कापसाच्या रूपाने आहे, तर कधी माणसाच्या.

सुरुवात माझ्या मामापासून करतो. तो तेव्हा सचिवालयात शिपाई होता. मंत्रालय हे नाव नंतरचं. १९७४ च्या उन्हाळ्यात तो मला मुंबई दाखवायला घेऊन गेला. मी चौदा वर्षांचा होतो. वाशीमहून मीटरगेजच्या गाडीने अकोला आणि तिथून रात्रीच्या मेलने मुंबई. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत आम्ही बहात्तरचा दुष्काळ काढला होता. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे, आणि संध्याकाळी मिळालेली सुकडी पदराला बांधून आणत असे. तो पदर डोळ्यांसमोर असतानाच मी नरिमन पॉइंटला उभा राहिलो आणि मान वर करून मजले मोजू लागलो. एक्स्प्रेस टॉवर्स पंचवीस मजल्यांचा. एअर इंडियाची इमारत तेवीस मजल्यांची, त्याच वर्षी पुरी झालेली. पलीकडे आदल्या वर्षी सुरू झालेलं पस्तीस मजल्यांचं ओबेरॉय हॉटेल. मोजताना मी दोनदा चुकलो.

मामा म्हणाला, ‘‘पाह्य बापू, हे सारं अठी समुद्र होता. सरकारनं बुजवला.’’

मी विचारलं, ‘‘मंग मामाजी, ते जागा कोनाची झाली?’’

मामा हसला. म्हणाला, ‘‘सरकारची. म्हंजे तुही, माही.’’ आणि मला चणे घ्यायला घेऊन गेला.

‘तुही, माही’ हे त्याने गमतीने म्हटलं असेल. पण या सगळ्या वादाचा गाभा नेमका तोच होता, हे मला पुढे पुस्तकं वाचल्यावर कळलं.

आता थोडं मागे जाऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. इंग्रजांचा डोळा होता आपल्या काळ्या जमिनीवर आणि कापसावर. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या संस्थानांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या अडल्या. लिव्हरपूलच्या बाजारात एकदम हिंदुस्थानच्या कापसाला मोल आलं. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथला माल मुंबईकडे धावू लागला. आगगाडी वऱ्हाडात पुरती पोचायची होती, म्हणून गाड्या आणि लमाणांचे बैलांचे तांडे हेच वाहन होतं. आपल्या मालाला तिकडच्या बाजारात ‘उमरावती’ म्हणत, म्हणजे आपली अमरावती!

या कापसाच्या पैशाने मुंबईला वेड लागलं. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. त्यातलीच एक बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मुंबईच्या पश्चिमेचा उथळ उपसागर भरून काढायचा आणि ती जमीन विकायची, असा तिचा बेत. कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. लोक काय विकत घेत होते? तर भरती-ओहोटीचं पाणी! प्रेमचंद रायचंद या बाजाराचे राजे होते. १८६५ साली अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईचा बाजार भुईसपाट झाला. प्रेमचंदही बुडाले. बॅकबे कंपनीच्या स्वप्नातून शेवटी उरली ती जमिनीची एक चिंचोळी पट्टी. तिच्यावरून रेल्वे गेली.

एक मनोरा मात्र त्या पैशातून उभा राहिला. प्रेमचंद यांनी भरभराटीच्या काळात विद्यापीठाला देणगी देऊन ठेवली होती. तिच्यातून आईच्या नावाने राजाबाई टॉवर बांधला गेला आणि १८७८ साली पुरा झाला. उंची २८० फूट. शहरातली त्या काळची सर्वांत उंच इमारत. विद्यापीठाच्या आवारात गेलात तर जरूर पाहा. वऱ्हाडच्या बोंडांचाही त्यात वाटा आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे. मुलांना ते फारसं पटत नसे.

दुसरा अंक १९२० नंतरचा. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅकबेची योजना सरकारी खर्चाने पुन्हा हाती घेतली. अकराशे एकरांहून अधिक जमीन समुद्रातून काढायची होती. पण गाळ टिकेना, भिंतीखालून तो पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगत गेला. योजनेला ‘लॉइडचा वेडेपणा’ असं नाव पडलं. तेव्हा एक तरुण पारशी वकील पुढे आला. खुर्शेद फ्रामजी नरिमन. कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांत त्यांनी योजनेतला सावळागोंधळ चव्हाट्यावर मांडला. खात्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. १९२६ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आखलेल्या आठ भागांपैकी चारच पुरे झाले. मरिन ड्राइव्हच्या गोलाकार गच्च्यांच्या इमारती त्यातल्याच जमिनीवर उभ्या आहेत.

पुढे स्वातंत्र्य मिळालं, महाराष्ट्र राज्य झालं, आणि उरलेल्या भागात पुन्हा भराव सुरू झाला. त्या भरावाच्या टोकाला नाव दिलं गेलं ते नरिमन यांचंच. समुद्र भरण्यातल्या गैरकारभारावर ज्याने आयुष्याची उमेद खर्च केली, त्याचं नाव भरावाच्या शेंड्यावर! आपण थोरांना असंच मानतो.

आता वऱ्हाडचा दुसरा संबंध सांगतो. हे मनोरे वर चढत होते तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. आपल्या वाशीमच्या शेजारचेच. पोहरादेवी ज्यांचं श्रद्धास्थान, त्या बंजारा समाजाचे. ज्या लमाणांच्या बैलांनी मालाचे तांडे हाकले, त्या समाजाचा सुपुत्र डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुंबईत राज्याचा कारभार पाहत होता. नाईकांचा जन्म १ जुलैचा, बाजार बुडाला तोही १ जुलै, आणि आपला वाशीम जिल्हा झाला तोही १ जुलै, १९९८ चा. यातून काही सिद्ध होत नाही. मास्तरांना तारखा आठवतात, एवढंच.

वादाच्या दोन बाजू अशा होत्या. सरकारचं म्हणणं : मुंबई ही राजधानी आहे, देशाची व्यापारपेठ आहे. कचेऱ्यांना जागा नाही. समुद्रातून जमीन काढली तर कुणाचं घर पाडावं लागत नाही, तिजोरीत पैसा येतो. ‘भारताचं मॅनहॅटन’ हा शब्द त्या दिवसांत फार चालत असे. हे म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं.

विरोधकांत तीन नावं महत्त्वाची. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंता शिरीष पटेल. १९६४-६५ च्या सुमारास त्यांनी सांगितलं की, मुंबई ही दक्षिणोत्तर लांबुडकी पट्टी आहे. माणसं राहतात उत्तरेला, कामाला येतात दक्षिणेच्या टोकाला. त्याच टोकावर आणखी वीस-पंचवीस मजली कचेऱ्या रचल्या, तर सकाळी सगळ्या गाड्या एका दिशेने भरतील आणि संध्याकाळी उलट. त्यापेक्षा खाडी ओलांडा, पूर्वेला नवं शहर वसवा. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही मुंबईतली गर्दी पांगवण्याच्या बाजूनेच कौल दिला.

सरकारने काय केलं? दोन्ही केलं! १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन केलं, नवी मुंबई आखली. आणि नरिमन पॉइंटचे भूखंडही देत राहिलं. नव्या शहरात सरकारी कचेऱ्या जातील, मग बाकीचे जातील, अशी आखणाऱ्यांची कल्पना होती. पण मंत्रालय हललं नाही. उलट १९८१ साली नवं विधानभवनही नरिमन पॉइंटलाच उघडलं. राजाच जिथे बसून राहिला, तिथून प्रजा कशी हलणार? नाईकसाहेबांविषयी मला आदर आहे. संकरित ज्वारी आणि रोजगार हमी यांचं देणं वऱ्हाड विसरणार नाही. पण या बाबतीत त्यांच्या सरकारची आणि पुढच्या सरकारांचीही चूक झाली, असं माझं मत आहे.

भूखंड कसे दिले, यावरही वादळ उठलं. खासदार पिलू मोदी, जे स्वतः वास्तुविशारद होते, मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रश्न साधा होता. ही जमीन सरकारच्या मालकीची, मग तिचा पुरेपूर मोबदला सरकारला मिळाला का? श्रोतेहो, हा प्रश्न मुंबईकरांपुरता नाही. राज्याची तिजोरी एक आहे. तिच्यातूनच आमच्या खडीच्या कामाचे पैसे येत होते. त्या भरावाच्या सातबाऱ्यावर, म्हणायचं तर, माझ्या आईचंही नाव होतं. पण ‘मनोरे हवेत की नकोत’ यावर मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत रकाने भरत असताना आमच्या गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आमदार कधी बोलल्याचं आम्ही ऐकलं नाही.

एक सांगायला हवं. विरोधकांचा पर्यायही फुकट नव्हता. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. समुद्र भरला तर कोळ्याचं जातं, खाडी ओलांडली तर शेतकऱ्याचं. कागदावर नकाशा काढणाऱ्यांच्या ते सहसा ध्यानात येत नाही.

१९८१ च्या नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं : भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटर किनारा मोकळा ठेवा. १९९१ साली त्याचा कायदेशीर नियम झाला. तोवर नरिमन पॉइंटचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंतर गंमत अशी झाली की, बड्या कंपन्या स्वतःहून तिथून उठून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघाल्या. तीन तज्ज्ञांनी जे साठ वर्षांपूर्वी समजावलं, ते लोकलच्या गर्दीने आणि भाड्याच्या आकड्याने करून दाखवलं.

आणि ती एअर इंडियाची इमारत, जिचे मजले मी चुकीचे मोजले होते? तिची जमीन राज्य सरकारनेच भाडेपट्ट्याने दिलेली. विमान कंपनी विकली गेली, इमारत केंद्राकडे उरली. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने ती महाराष्ट्र सरकारला १,६०१ कोटी रुपयांना द्यायला मान्यता दिली. कशासाठी? तर मंत्रालयाला जागा पुरत नाही म्हणून, सरकारी कचेऱ्यांसाठी.

मामा निवृत्त झाल्यावर गावी येऊन राहिला. आता तो नाही. असता तर मी त्याला ही बातमी वाचून दाखवली असती. आणि त्याने पहिल्यांदा हेच विचारलं असतं की, इतक्या वरच्या मजल्यावर फाइली घेऊन जाणाऱ्या शिपायाला साहेबांची लिफ्ट वापरू देतील काय.