आगोटीपूर्वीची बेगमी : महाराष्ट्रातील परसबाग, वाळवण आणि स्त्रियांचे गृहश्रम – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोकणात पावसाळ्याच्या आरंभाला 'आगोट' म्हणतात आणि त्यापूर्वी घरात करून ठेवावयाच्या साठवणीला 'आगोटीची बेगमी' असे नाव आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकण किनारपट्टीवर साधारणतः २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रस्ते व पूल होण्यापूर्वी या काळात ओढे-नाले भरून वाटा तुटत, बंदरे बंद राहत, मासेमारी थांबे आणि आठवडी बाजार ओस पडे. देशावर पाऊस कमी असला तरी पेरणीच्या धांदलीत भाजीपाला दुर्मीळच असे. म्हणून चैत्र ते ज्येष्ठ या काळातील कडक उन्हात पुढील चार महिन्यांचे तोंडीलावणे तयार करून ठेवणे ही चैन नसून गरज होती.

राजसत्तेने केलेल्या साठवणुकीचा इतिहास तुलनेने सुलभ आहे. किल्ल्यांवरील धान्यकोठारे, सरकारी कोठी, मुदपाकखाना यांचे हिशेब दफ्तरांतून मिळतात. घरातील लोणच्याच्या बरणीचा हिशेब मात्र कोणी लिहून ठेवला नाही. ही अनुपस्थिती हाच प्रस्तुत निबंधाचा प्रारंभबिंदू होय.

उद्दिष्टे :

१. परसबाग व वाळवण यांचा ऋतुचक्राशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२. या परंपरेत काळानुरूप झालेले बदल तपासणे.
३. या कामामागील स्त्रियांच्या श्रमाचे आर्थिक व ऐतिहासिक स्थान निश्चित करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

विषय विवेचन :

१) परसबाग आणि ऋतुचक्र

उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीचे पाणी खोल जाते. अशा वेळी मोरीच्या सांडपाण्यावर जगणारी घरामागची चार आळी हाच भाजीचा आधार असे. गवार, भेंडी, मिरची, काकडी, तांबडा भोपळा, कोहळा ही या काळातील नेहमीची पिके. त्यांचा शेवटचा तोडा ताटात कमी आणि वाळवणात अधिक जाई. त्याच सुमारास पुढील हंगामाची तयारीही सुरू होई. अक्षय्य तृतीयेला आळी करून दोडका, पडवळ, कारले, भोपळा यांच्या बिया लावण्याची प्रथा अनेक घरांत आढळते. वेलीवर राखून जून केलेल्या फळांतील बिया राखेत घोळून ठेवल्या जात. म्हणजे एकाच महिन्यात जुन्या पिकाची साठवण आणि नव्या पिकाची पेरणी अशी दोन्ही कामे होत असत.

साठवणीच्या पद्धतींमागे अनुभवातून सिद्ध झालेले शास्त्र होते. वाळवण्याने पदार्थातील पाणी कमी होते व बुरशीला वाव राहत नाही. मिठामुळेही सूक्ष्मजीवांना उपलब्ध असलेले पाणी घटते. कैरीच्या आंबटपणामुळे लोणचे टिकते आणि वर राहिलेला तेलाचा थर हवेला अटकाव करतो. कोहळ्याचे सांडगे, सांडगी मिरची, वाळवलेली गवार, आंबोशी, आंब्या-फणसाची साठे, खारवलेले गरे हे सर्व याच तत्त्वांचे आविष्कार आहेत. कोकमाच्या साली त्याच्याच मीठ घातलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवल्या की आमसुले तयार होतात. या पद्धतींना मर्यादाही होत्या. उन्हात वाळवलेल्या भाजीतील 'क' जीवनसत्त्वाचा बराच ऱ्हास होतो. त्यामुळे वाळवणाने जेवणातील उणीव भागली तरी ते ताज्या भाजीला पूर्ण पर्याय ठरत नव्हते.

२) परंपरेतील नवे घटक

वाळवणाकडे सामान्यतः 'पूर्वापार' परंपरा म्हणून पाहिले जाते. पदार्थांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कोहळा, काकडी, वांगे, कोकम, उडीद ही भारतीय उपखंडात जुनी आहेत. मिरची, तांबडा भोपळा, काजू आणि बटाटा ही मात्र मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती येथे पोहोचली. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी, आले यांवर भिस्त होती. सांडगी मिरचीचे वय म्हणूनच फार तर चार-पाच शतकांचे ठरते. पश्चिम भारतात बटाटा सर्वत्र रुळला तो एकोणिसाव्या शतकात. उपवासाच्या पापड्यांसाठी लागणारा साबुदाणा पूर्वी आग्नेय आशियातून येई. दुसऱ्या महायुद्धात ही आयात खुंटल्यावर १९४० च्या दशकात तमिळनाडूतील सेलम परिसरात टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. जे आज 'आजीच्या हातचे' म्हणून जुने वाटते, त्यातील काही आजीच्याच पिढीत नवे होते.

लेखनाच्या बाबतीतही असाच बदल दिसतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' आले आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक घरोघरी नेला. सासूकडून सुनेकडे हाताच्या अंदाजाने जाणारे ज्ञान छापील झाले. एकत्र कुटुंबापासून दूर शहरात संसार थाटणाऱ्या स्त्रीला त्याचा आधार मिळाला.

३) मीठ : घरगुती साठवण आणि राज्यसत्ता

लोणचे, आमसूल, खारवलेली मिरची, सुकी मासळी या सर्वांचा आधार मीठ होय. १८८२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत मिठावर मणास दोन रुपये कर होता. १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला, १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. १९२३ मध्ये पुन्हा अडीच रुपये करण्यात आला आणि १९२४ मध्ये सव्वा रुपयावर आणण्यात आला. १९३० च्या मीठ सत्याग्रहाचा विचार करताना रोजच्या जेवणातील चिमूटभर मिठाचा उल्लेख नेहमी होतो. परंतु वर्षाच्या साठवणीसाठी एकदम लागणारे मीठ उन्हाळ्यातच विकत घ्यावे लागे. दांडी येथे कायदेभंग झाला तो ६ एप्रिलला आणि शिरोड्याचा सत्याग्रह सुरू झाला तो १२ मे रोजी. म्हणजेच हे लढे ऐन बेगमीच्या मोसमात झाले. हा योगायोग असला तरी मिठाचा प्रश्न घराघरांत सहज का समजला, हे त्यावरून उमगते. मीठकर १९४७ मध्ये रद्द झाला.

बेगमी सर्व घरांत सारखी नव्हती, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. आंब्याचे झाड, परसातील विहीर, वाळत घालण्यास अंगण, तेल-मिठास पैसा हे सर्व असणाऱ्याच्याच घरी बरण्या भरत. भूमिहीन मजुरास चिंच, सुकट आणि रानभाजी यांवर पावसाळा काढावा लागे. बरणीच्या इतिहासात जमिनीच्या मालकीचा इतिहास दडलेला आहे.

४) उंबरठ्याबाहेर पडलेला पापड

वाळवणाचे श्रम बहुतांशी स्त्रियांचे आणि बिनमोल होते. आधार तुटलेल्या स्त्रीने पापड-लोणची करून मुले वाढवल्याच्या आठवणी मराठी समाजात विपुल आहेत. पण ते काम 'मदत' समजले गेले. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगाव येथे सात गुजराती गृहिणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी खाट व शेगडी घेऊन पापड वाळवण्याची सोय करण्यात आली. ज्या पावसाळ्यासाठी घरात पापड केले जात, त्याच पावसाळ्यावर मात केल्यावर ते बारमाही रोजगाराचे साधन बनले.

संस्थेत पापड लाटणारी स्त्री कामगार व सहमालक ठरते. तेच पापड स्वतःच्या घरी लाटणारी मात्र गणनेत येत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ९२ व ९३ या संकेतांकांखाली 'घरकाम' करणाऱ्या स्त्रियांची नोंद श्रमशक्तीबाहेर होत आली आहे. देशव्यापी वेळवापर सर्वेक्षण प्रथम झाले ते २०१९ मध्ये.

निष्कर्ष :

१. परसबाग व वाळवण ही ऋतुमानाला दिलेली विचारपूर्वक आर्थिक प्रतिक्रिया होती.
२. ही परंपरा स्थिर नव्हती. सागरी व्यापार, करधोरण, महायुद्ध आणि मुद्रण यांचा तिच्यावर प्रत्यक्ष परिणाम झाला.
३. बेगमीचे स्वरूप घराच्या जमीन-पाण्यावरील हक्कानुसार बदलत असे.
४. स्त्रियांचे हे श्रम बाजारात आल्यावरच 'उत्पादन' म्हणून ओळखले गेले. घरात ते अदृश्यच राहिले.

स्थानिक इतिहासलेखनात मौखिक साधनांचा उपयोग करून हे ज्ञान नोंदवणे महाविद्यालयीन स्तरावर सहज शक्य आहे. अंगणातील वाळवण गच्चीवर आणि गच्चीवरून दुकानात गेले आहे. ते स्वतः हाताने करणाऱ्या स्त्रियांची पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्या आठवणी नोंदवण्यास विलंब झाल्यास हा इतिहास कोणत्याही दफ्तरात शोधून सापडणार नाही.