पलटणीत गेलेल्या पणजोबांचा माग

मराठी माणूस सौदी अरेबियात तेलामुळे आला, असे आपण मुलांना सांगतो. पण तेल सापडण्याआधीच हजारो मराठी शिपाई मुंबईहून बोटीने, याच आखातातून, बसऱ्याला गेले होते. आमचे पणजोबा त्यांतलेच. ते परतले नाहीत.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी इराकमधील कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. तारीख होती ७ डिसेंबर १९१५. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, आपल्या दम्मामजवळच्या तारूत बेटावर, दारिन येथे अब्दुलअझीझ इब्न सौद यांचा इंग्रजांशी करार झाला. इतिहासाच्या पुस्तकात या घटना वेगळ्या धड्यांत येतात. नकाशावर मात्र त्या शेजारी शेजारी आहेत.

घरात पणजोबांचा एक बिल्ला तेवढा उरला होता. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्यावरून राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत आम्हांला त्यांचे नाव मिळाले. आडनाव नव्हते, वडिलांचे नाव आणि गाव होते, तेही इंग्रजी कानांनी ऐकलेले. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र साध्या हिंदी शिपायांची नावे नाहीत. तिथे पलटणवार फक्त आकडे आहेत.

त्यांचा स्वतंत्र वैद्यकीय कागद हाती आला नाही. त्या काळच्या हिंदी शिपायांच्या वैयक्तिक फाइली क्वचितच टिकल्या आहेत. पण पलटणींच्या रोजनिश्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि कुतमधील आजारांची हकिकत डॉक्टरांनी लिहून ठेवली आहे. भाजीपाला संपला. धर्माच्या भीतीने अनेकांनी घोड्याचे मांस नाकारले. हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि पुढे कैदेत हजारो मेले. एका माणसाची फाइल नसली, तरी त्याच्यावर काय गुजरले ते असे कळते.

शोध घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. ११७ वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पाचवी रॉयल बटालियन झाली. नंतरच्या काळातील मराठा पलटणीच्या जवानांसाठी बेळगावचे अभिलेख कार्यालय आणि आपापल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय येथे विचारावे. अपंगत्वाचे पेन्शन असेल, तर त्याच्या कागदांत वैद्यकीय मंडळाचा अहवाल सापडू शकतो. भारतीय नागरिकाला इथूनही माहितीच्या अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

या सुट्टीत गावी जाल तेव्हा ट्रंकेतला बिल्ला आणि पेन्शनचे जुने पुस्तक पाहा. आजीला नावे विचारा आणि लगेच लिहून घ्या. सरकारी वहीत नाव चुकीचे लिहिलेले असेल. ते ओळखणारे माणूस घरातच असते, आणि ते आहे तोवरच विचारता येते.