आपापला गडी

अमेरिकन फुटबॉल ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं त्यांनाहि त्यांतील एक डाव सहज समजेल. त्यास ‘ऑप्शन’ म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मैदानाच्या कडेकडे धांवत सुटतो. त्याच्या बाजूस थोड्या अंतरावर एक सोबती असतो. समोरच्या एका रक्षकास मुद्दाम मोकळें सोडलेलें असतें. तो क्वार्टरबॅकवर झेपावला कीं चेंडू सोबत्याकडे जातो. सोबत्याकडे वळला कीं क्वार्टरबॅक स्वतःच आंत घुसतो. रक्षकाचा उत्साह हाच त्याचा शत्रु!

१९४१ सालीं मिसूरी विद्यापीठाचे क्रीडाशिक्षक डॉन फॉरट यांनीं ही युक्ति बास्केटबॉलवरून उचलली. १९६८ मध्यें टेक्ससच्या एमरी बेलर्ड यांनीं तीस आणखी एक फांटा फोडला. चेंडू प्रथम मधल्या धांवपटूस देण्याचा धाक घालावयाचा, आणि मग पुढील दोन वाटा. आरंभीं एक बरोबरी व एक पराभव पदरीं आला. नंतर टेक्ससनें ओळीनें ३० सामने जिंकले.

१९७० च्या जानेवारींत कॉटन बोल सामन्यांत नोटर डेमहि २१-१७ असें हरलें. पण त्यांचे शिक्षक आरा पार्सेगियन यांनीं वर्षभरानें निराळीच मांडणी केली. टेक्ससच्या रचनेचें जणूं आरशांतील प्रतिबिंब! ज्यानें त्यानें आपला नेमून दिलेला गडी धरावयाचा. चेंडू कोठें आहे ही चौकशी नंतर. मोह आवरणें किती कठीण असेल! चेंडू दिसतो तेथें धांवावें, हेंच तर बालपणापासून शिकवलेलें असतें. १ जानेवारी १९७१ रोजीं टेक्ससच्या हातून चेंडू नऊ वेळां निसटला. नोटर डेम २४-११ नें जिंकलें.

यावर कोणी म्हणेल, मग मायामीचें काय? १९८५ ते १९८७ या तीन हंगामांत ओक्लाहोमा तीनच सामने हरलें, आणि तिन्ही मायामीकडून. मायामीच्या पोरांचा वेग विलक्षण होता, हें खरें. चुकलेला गडीहि मागून येऊन गांठी. परंतु त्यांचे शिक्षक जिमी जॉन्सन हे पूर्वीं ओक्लाहोमांतच सहायक होते, आणि हाच डाव तेथें सुरू झाला तेव्हां त्यांनीं तो जवळून पाहिला होता. नुसत्या वेगाचा हिशेब पाहावयाचा तर फ्लॉरिडाकडे पाहावें. २ जानेवारी १९९६ रोजीं तो अपराजित, गुणसंपन्न संघ नेब्रास्कासमोर उभा राहिला. नेब्रास्कानें धांवूनच ५२४ यार्ड मिळविले व सामना ६२-२४ असा घेतला.

उलट, लष्करी विद्यालयाच्या आर्मी संघास निवडक धिप्पाड तरुण मिळणें दुरापास्त. त्यानें हाच डाव पुष्कळ वर्षें जपला. २०१८ मध्यें बलाढ्य ओक्लाहोमाविरुद्ध ६० मिनिटांपैकीं जवळजवळ ४५ मिनिटें चेंडू आर्मीजवळ होता. सामना जादा वेळेंत गेला, आणि ओक्लाहोमानें तो २८-२१ असा जेमतेम वांचविला.