गाठीवर नाव नसतं: यवतमाळच्या कापसाची गोष्ट

शर्टाच्या लेबलवर तो कुठल्या देशात शिवला ते लिहिलेलं असतं. पण कापूस कुणाच्या शेतातला? ते नाव नेमकं कुठे गळतं, हे आज बघूया.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. इंग्रजांनी वऱ्हाड 1853 मध्येच निजामाकडून कारभाराला घेतलेलं. 1863 मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. म्हणजे गाठीत काय मिसळलंय, याची काळजी सरकारला होती. वेचणाऱ्या बाईची मजुरी हा त्या कायद्याचा विषयच नव्हता.

मग आली आपली शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी गाडी. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं. कापूस विलायतेला गेला, इंजिन विलायतेहून आलं. मजूर जिथल्या तिथे.

आता 2017. जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान 20 जण गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. सरकारने चौकशी पथक नेमलं, पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. 2020 मध्ये एक वाचलेला शेतकरी आणि दोन विधवा थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या कोर्टात गेल्या, सिंजेंटा कंपनीविरुद्ध. कंपनीने जबाबदारी नाकारली.

लक्षात घ्या, खटला झाला तो औषधाच्या कंपनीवर. कपड्याच्या ब्रँडचं नावही कुठे आलं नाही. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत 24 एप्रिल 2013 ला कोसळली, 1,100 हून जास्त माणसं मेली. पण ढिगाऱ्यात ब्रँडची लेबलं सापडली, आणि ब्रँडना सुरक्षेच्या बंधनकारक करारावर सह्या कराव्या लागल्या. आपल्याकडे पुरावा जिनिंगमध्येच पुसला जातो. पन्नास शेतकऱ्यांचा कापूस एका ढिगात पडतो, सरकी वेगळी होते, 170 किलोची गाठ बांधली जाते. गाठीला प्रत असते, धाग्याची लांबी असते. फवारणाऱ्याचं नाव नसतं.

धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्यांना हे जमत नाही, असं मला वाटत नाही. 1863 पासून जे मोजलं गेलं, ते खरेदीदाराच्या कामाचं होतं, एवढंच. म्हणून ‘शाश्वत कापूस’ असा टॅग दिसला, तर एकच प्रश्न विचारा: फवारणी कुणी केली, आणि त्याला हातमोजे कुणी दिले?

भेटूया पुढच्या भागात.