तळटीप : ‘चिकलठाण्याचे दुपारचे विमान’

१२. चिकलठाणा : जालनेकरांचा नेहमीचा विमानतळ. जालना १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाला, तरी विमान पकडायला बदनापूरमार्गे पन्नासेक किलोमीटर इकडेच यावे लागते. लेखकाने विमानतळाला ‘उंचावरचा’ म्हटले आहे, ते वाचकाला खटकेल. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,९०० फूट; लेहच्या साडेदहा हजारांपुढे ती काहीच नाही. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीवर गेला की हवा विरळ होते आणि विमानाच्या लेखी हीच उंची पाच हजार फुटांच्या वर जाते, म्हणजे महाबळेश्वराच्या उंचीपेक्षाही अधिक. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर घटतो आणि धाव लांबते. म्हणून तापत्या दुपारी वजनाचा हिशेब काटेकोर लागतो.

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जवळपास भरलेले मुंबईकडे निघाले. ते उशिरा उचलले गेले. धावपट्टीच्या टोकाजवळून जाणाऱ्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक होता. विमानाचे डावे चाक त्याला धडकले, पुढे उच्चदाबाच्या तारा लागल्या. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच उड्डाणाच्या वेळी हा रस्ता न रोखल्याचाही ठपका होता. प्रस्तुत संपादकाला तो दुसरा ठपका अधिक जिव्हारी लागतो. रस्त्यावर एक फाटक वेळेवर पडले असते तर ट्रक तिथे नसता.