रिकामी खुर्ची आणि निळा घोडा

घराची पुढची ओसरी पाहुण्यांसाठी असते. मागची खोली कोणासाठी असते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. लग्नकार्य निघाले, सण आला, सारा गाव अंगणात जमला, तरी ज्या घरातील एक व्यक्ती 'बरी नाही' एवढ्याच कारणावर बाहेर येत नाही, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या व्यक्तीला ताप आला असता, तर शेजारणीने पेज आणून दिली असती. हाड मोडले असते, तर चार माणसे विचारपूस करून गेली असती. परंतु आजार मनाचा असतो आणि म्हणून दार ओढून घेतले जाते. आजाराची वेदना एक आणि बंद दाराची वेदना दुसरी. मनोरुग्णाला या दोन्ही एकाच वेळी सोसाव्या लागतात.

हे दार उघडण्याचा प्रयत्न वैद्यांनी केला, कायदेपंडितांनी केला. नाटक करणाऱ्यांनीही तो केला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या प्रयत्नाचा मागोवा घेण्यासाठी वाचकांना आम्ही युरोपातील तीन ठिकाणी नेऊ इच्छितो: पॅरिसजवळील शारांतों, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि इटलीच्या ईशान्य टोकाचे बंदर त्रिएस्ते. या तिन्ही ठिकाणी आम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे: रंगमंचावर उभा राहिलेला मनोरुग्ण कोणाचे शब्द बोलतो?

शारांतोंच्या रुग्णालयाशी आपला एक जुना ऋणानुबंध आहे. संत जॉन ऑफ गॉड यांच्या संघातील व्रतस्थ बंधूंनी सतराव्या शतकात तेथे सेवाकार्याला आरंभ केला. या संतांना स्वतःला १५३९ साली ग्रानादा येथे वेडा ठरवून रुग्णालयात डांबण्यात आले होते आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे चाबकाचे फटके हाच त्यांच्यावरील उपचार होता. ज्याने ते फटके खाल्ले, त्याच्या अनुयायांनी पुढे मनोरुग्णांची शुश्रूषा करावी, हे स्वाभाविकच होते. फ्रेंच राज्यक्रांतीत बंधूंना ते स्थान सोडावे लागले. १७९७ साली रुग्णालय पुन्हा उघडले, तेव्हा त्याचे संचालकपद कुल्मिए या पूर्वाश्रमीच्या मठवासी धर्मगुरूंकडे आले. बेड्या आणि अंधाऱ्या कोठड्यांपेक्षा संगीत, नृत्य आणि नाटक यांनी रोग्यांचे मन अधिक शांत होईल, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी रुग्णालयातच नाट्यगृह उभारले. नाटके बसविण्याचे काम तेथेच स्थानबद्ध असलेल्या मार्की द साद या बदनाम लेखकाने अंगावर घेतले.

प्रयोगांना पॅरिसमधील प्रतिष्ठित मंडळी गाड्या जोडून येऊ लागली आणि येथेच या उपक्रमात खोट निर्माण झाली. प्रमुख वैद्य रॉये-कोलार यांनी शासनाकडे तक्रारी केल्या आणि १८१३ साली प्रयोगांवर बंदी आली. पुढे एस्किरोल या नामवंत मनोवैद्यांनी या नाटकांविषयी कठोर अभिप्राय नोंदविला. रोगी नाटक करीतच नव्हते, संचालक प्रेक्षकांना फसवीत होते आणि प्रेक्षक वेड्यांची मौज पाहण्यास येत होते, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य. कुल्मिए यांचा हेतू दयेचा होता, याविषयी आम्हाला शंका नाही. तथापि संहिता दुसऱ्याची, दिग्दर्शन दुसऱ्याचे आणि टाळ्याही दुसऱ्यांच्याच. रोग्याच्या अंतःकरणात काय चालले आहे, हे त्या रंगमंचावर कोणी विचारले नाही.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. पहिले महायुद्ध संपले होते, ऑस्ट्रियाचा सम्राट सिंहासनावरून गेला होता आणि व्हिएन्ना शहर पोरके झाले होते. अशा काळात, १ एप्रिल १९२१ रोजी, याकोब लेव्ही मोरेनो या तरुण ज्यू डॉक्टरांनी तेथील एका नाट्यगृहात एक विलक्षण प्रयोग केला. पडदा वर गेला तेव्हा रंगमंचावर पात्र नव्हते. होती केवळ तांबड्या मखमलीची, सिंहासनासारखी एक खुर्ची आणि एक मुकुट. मोरेनोंनी प्रेक्षकांना आवाहन केले, की ज्याला हा देश सावरण्याचा मार्ग सुचत असेल, त्याने वर यावे, खुर्चीवर बसावे आणि राजा म्हणून बोलावे. काही जण वर आले, बोलले. परंतु प्रेक्षकांना त्यांपैकी एकही राजपदास योग्य वाटला नाही. प्रयोग फसला, वृत्तपत्रांनी टीका केली आणि अनेक मित्र दुरावले.

तरीही मोरेनो खचले नाहीत. लवकरच त्यांनी व्हिएन्नातच एक लहानसे नाट्यगृह चालू केले. त्याचे नाव 'श्टेगराइफ थिएटर'. श्टेगराइफ हा रिकिबीसाठी असलेला जुना जर्मन शब्द. घोडेस्वाराने खाली न उतरता, रिकिबीत पाय असतानाच एखादी गोष्ट करून टाकावी, तसे आयत्या वेळी, पूर्वतयारीवाचून केलेले नाटक, असा त्याचा भावार्थ. तेथे लिहिलेली संहिता नसे. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी किंवा प्रेक्षकाने सुचविलेला विषय घेऊन नट तत्क्षणी प्रवेश उभा करीत. पुढे चित्रपटसृष्टीत प्रसिद्धीस आलेले पीटर लोरे हे याच मंडळीतील एक नट.

या नाट्यगृहात घडलेली एक हकीगत मोरेनोंनी लिहून ठेवली आहे. त्यांनी बार्बरा या नावाने उल्लेखिलेली एक अभिनेत्री होती. सोज्ज्वळ आणि सात्त्विक भूमिकांसाठी तिचा लौकिक होता. एके दिवशी तिचा पती, ज्याला ते जॉर्ज म्हणतात, खिन्न मुद्रेने त्यांच्याकडे आला. 'रंगमंचावर देवदूतासारखी दिसणारी ही स्त्री घरी आली, की शिव्याशाप देते, अंगावर धावून येते,' असे त्याने सांगितले. मोरेनोंनी तिला उपदेश केला नाही. शहरात एका वेश्येचा खून झाल्याची बातमी आली होती. त्या अभागी स्त्रीची भूमिका त्यांनी बार्बराला दिली. तिने ती अशा आवेशाने केली, की प्रेक्षक थरारून उभे राहिले. त्यानंतर तिला तशाच भूमिका मिळत गेल्या. घरातील भांडणे सौम्य झाल्याचे पतीने सांगितले. मग मोरेनोंनी पतीलाही रंगमंचावर बोलाविले. दोघांनी आपल्याच घरातील प्रसंग, आपलेच बालपण, आपलीच स्वप्ने प्रेक्षकांसमोर उभी केली. मोरेनो लिहितात, की प्रेक्षकांना हे प्रवेश अन्य नाटकांपेक्षा अधिक हेलावून टाकीत, कारण त्यांत ते स्वतःला पाहत.

पुढे सायकोड्रामा, म्हणजे मनोनाट्य, या नावाने जगभर पसरलेल्या उपचारपद्धतीचे हे बीज. १९२५ साली मोरेनो अमेरिकेस गेले आणि १९३६ साली न्यू यॉर्क राज्यातील बीकन येथे त्यांनी रुग्णालय काढले. तेथे रोग्यांसाठी खास रंगमंच बांधला. मनोनाट्यात रोगी स्वतःच्या जीवनातील प्रसंग स्वतःच्या शब्दांत उभा करतो. दुसरा कोणी त्याची आई होतो, कोणी भाऊ, कोणी त्याला ऐकू येणारा आवाज. एखादा सहकारी रोग्याच्या मागे उभा राहून, त्याला जे बोलता येत नाही ते बोलून दाखवितो. ते चुकीचे असेल, तर रोगी दुरुस्त करतो. सर्वांत प्रभावी साधन म्हणजे भूमिकांची अदलाबदल. मुलगा बापाच्या जागी उभा राहतो, बाप मुलाच्या जागी आणि तेच भांडण पुन्हा सुरू होते. शेवटी प्रेक्षकही बोलतात. परंतु सल्ला द्यायचा नाही, निवाडा करायचा नाही, हा प्रसंग पाहताना आपल्या जीवनातील काय आठवले, एवढेच सांगायचे, असा दंडक आहे. शारांतोंचा प्रेक्षक आणि हा प्रेक्षक यांतील अंतर वाचकांच्या ध्यानी येईल.

येथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. नाटक हा जादूटोणा नव्हे. बार्बरा आणि जॉर्ज पुढे विभक्त झाले आणि जॉर्जचा शेवट दुःखद झाला. मन मोकळे होणे आणि मन बरे होणे यांत अंतर आहे. दुखरी जागा उघडी केल्यावर ती सांभाळणारा जाणता माणूस जवळ नसेल, तर इजा अधिकच होते. म्हणून मनोनाट्य प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखालीच व्हावे लागते आणि औषधांची गरज असेल तेथे औषधेही घ्यावी लागतात.

व्हिएन्नाच्या रंगमंचाने रोग्याला त्याचे शब्द दिले. परंतु रंगमंचाबाहेरची भिंत उभीच होती. ती हलली त्रिएस्ते येथे.

फ्रांको बासाग्लिया हे व्हेनिसचे मनोवैद्य. १९६१ पासून गोरित्सियाच्या रुग्णालयात त्यांनी रोग्यांना बांधून ठेवणे बंद करून डॉक्टर आणि रोगी यांच्या एकत्र सभा भरविल्या होत्या. १९७१ साली ते त्रिएस्तेच्या सान जिओवान्नी मनोरुग्णालयाचे संचालक झाले, तेव्हा तेथे सुमारे बाराशे रोगी होते. कित्येकांचे अर्धे आयुष्य त्या भिंतींआड गेले होते. १९७३ च्या आरंभी बासाग्लियांनी ज्युलियानो स्काबिया या नाटककारांना आणि व्हित्तोरियो बासाग्लिया या शिल्पकारांना बोलावून एक रिकामा कक्ष त्यांच्या स्वाधीन केला. स्काबियांनी लिहिलेले नाटक बरोबर आणले नाही. दार उघडे ठेवून, 'या, काय करू या?' असे विचारणे, हाच त्यांचा आरंभ. रोगी बिचकत आले. कोणी चित्रे काढली, कोणी बाहुल्या केल्या, कोणी गाणे रचले, कोणी आपली कहाणी सांगितली. त्यातून त्या दोन महिन्यांत एक सामुदायिक नाट्य आकारास आले. त्याचा नायक होता एक घोडा.

हा घोडा काल्पनिक नव्हता. मार्को नावाचा एक घोडा कित्येक वर्षे रुग्णालयातील कपड्यांची गाडी ओढत असे. तो म्हातारा झाला, त्याच्या जागी मोटार येणार होती आणि त्याला खाटकाकडे धाडण्याचा बेत होता. १९७२ साली रोग्यांनी घोड्याच्याच नावाने प्रांताच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. इतकी वर्षे केलेल्या चाकरीचा विचार करून आपल्याला जीवदान द्यावे, अशी घोड्याची विनंती! ती मान्य झाली. जी माणसे स्वतःसाठी काही मागू शकत नव्हती, त्यांनी एका मुक्या प्राण्यासाठी मागितले आणि त्यांचे ऐकले गेले. म्हणून लाकूड व कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड घोडा करावयाचे ठरले, तेव्हा त्याचे नाव मार्को काव्हाल्लो, म्हणजे मार्को घोडा, असेच पडले. त्याला निळा रंग दिला. त्याच्या पोटात रोग्यांनी आपल्या इच्छा आणि स्वप्ने ठेवली.

रविवार, २५ फेब्रुवारी १९७३ रोजी तो घोडा चाकांवरून शहरात न्यावयाचा होता. आयत्या वेळी ध्यानात आले, की घोडा दारापेक्षा उंच आहे. घोडा तोडावा की दार? बासाग्लिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडी बाक उचलला आणि त्याच्या आघातांनी वाट मोकळी केली. घोड्यामागून रोगी, परिचारिका, डॉक्टर आणि कलावंत त्रिएस्तेच्या रस्त्यांवरून चालत गेले. कित्येक रोगी अनेक वर्षांनी ते शहर पाहत होते आणि शहरही त्यांना प्रथमच पाहत होते.

मिरवणूक संपली आणि रोगी पुन्हा रुग्णालयातच परतले, हेही सांगितले पाहिजे. एका दिवसाच्या नाट्याने व्यवस्था बदलत नाही. परंतु मोडलेले दार लोकांच्या स्मरणात राहिले. १३ मे १९७८ रोजी इटलीच्या संसदेने १८० क्रमांकाचा कायदा संमत केला. नवी मनोरुग्णालये बांधणे थांबले, जुनी क्रमाने बंद करून वस्तीतील केंद्रांत उपचार देण्याचे ठरले. बासाग्लिया १९८० साली निवर्तले. ज्या प्रदेशांत अशी केंद्रे वेळेवर उभी राहिली नाहीत, तेथे सारा भार कुटुंबांवर पडला, ही तक्रार इटलीत वारंवार झाली आणि ती खोटी नव्हती. दार उघडणे हे अर्धेच काम. दाराबाहेर कोणीतरी उभे असावे लागते.

आपल्या देशात ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळदंडांनी बांधलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. कायदा साखळी काढू शकतो. मागच्या खोलीची कडी मात्र घरच्यांनीच काढावयाची असते.

सारेच काही नाटक करू शकणार नाहीत. परंतु मनोनाट्याच्या प्रेक्षकांचा दंडक आपणा सर्वांना पाळता येण्यासारखा आहे: सल्ला नको, निवाडा नको, ऐकून घ्यावे आणि आपले दुःखही सांगावे. वाचकहो, पुढच्या खेपेस अशा एखाद्या घरी जाल, तेव्हा ओसरीवर चहा घेऊन परत फिरू नका. आतल्या त्या व्यक्तीची नाव घेऊन चौकशी करा आणि ती बाहेर आली, तर बसावयास आपल्याजवळची खुर्ची द्या.